आरशावरची वाफ

सुटा आवाज

पहिलं अक्षर 'प'. त्याला कारण आहे. 'प' म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात, ओठांमागे हवा अडवून धरावी लागते आणि मग एकदम सोडावी लागते. तळहातावर कागदाचा कपटा ठेवून 'प' म्हटलं की कपटा उडतो. ज्याचा उडतो त्याला त्याचं काही वाटत नाही. ज्याचा उडत नाही त्याची आई मात्र त्या कपट्याकडे डोळ्यांत प्राण आणून बघत बसते.

तोंड आणि नाक ह्यांच्यामध्ये, मागे घशाशी, मऊ टाळूचा एक पडदा असतो. बोलताना तो वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. जन्मतः टाळू दुभंगलेली असली की हा पडदा अर्धाच असतो. सर्जन तो शिवून पुरा करतो. पण नव्याने शिवलेल्या पडद्याला आपलं काम कुठे ठाऊक असतं? तो आपला नव्या नोकरासारखा कोपऱ्यात उभा. हवा जुन्या सवयीने नाकातून निसटते, 'बाबा'चं 'मामा' होतं, आणि घरात बाबांना हाक मारली की मामाच ओ देतो.

त्या पडद्याला कामाला लावणारी बाई इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बसायची. दारावर 'वाचा-उपचार' अशी पाटी होती. पोरांनी मात्र तिचं नाव ठेवलं होतं आरसेबाई, आणि ते नाव बाहेरच्या बाकापासून चढत चढत वरच्या मजल्यापर्यंत गेलं होतं. सर्जन एकदा चुकून तोंडावर तसं म्हणाला आणि मग दोन मिनिटं खोकत राहिला.

आरसेबाईंच्या टेबलावर थंड पाण्याची एक पसरट वाटी असायची, तिच्यात बुडवलेले छोटे गोल आरसे. आरसा पुसायचा, पोराच्या नाकाखाली आडवा धरायचा. 'प' म्हणताना काच स्वच्छ राहिली तर पडदा कामावर आहे. काच धुरकटली तर हवा निसटली. 'म', 'न' आणि 'ण' ही हक्काने नाकाची अक्षरं, तिथे वाफ यायलाच हवी. म्हणून सुरुवातीच्या सरावाच्या शब्दांत ती मुद्दाम घेत नाहीत. नाहीतर आई बापडी गोंधळून जाते.

अक्षर

पिपाणी आली तेव्हा सात वर्षांची होती आणि तिचं बोलणं जगात एकाच माणसाला कळत होतं, तिच्या आईला. ओठ तान्हेपणीच शिवलेला होता, त्याची बारीक रेघ तेवढी उरली होती. टाळूचं मात्र आज करू उद्या करू करत राहून गेलं. वडील दूर कामाला, मध्ये आजारपणं, आणि आईचं म्हणणं, मला तर हिचं सगळं कळतं. शेवटी शाळेने हात टेकले, तेव्हा कुठे ऑपरेशन झालं. पिपाणी हे नाव चुलतभावाने ठेवलं, चिडवायला. मग ते घरात लाडाने आलं आणि शेवटी अंगवळणी पडलं.

पहिल्याच भेटीत आरसेबाईंनी तिला काय काय आवडतं म्हणून विचारलं. तिने भराभर पुष्कळ सांगितलं, हातवारे करून, डोळे मोठे करून, सगळं नाकातून. आईने मान खाली घालून भाषांतर केलं. ती विचारतेय, तुमच्या खुर्च्या एवढ्याशा आहेत, तुम्हीपण त्यांच्यावरच बसता का, आणि बसलात तर मोडत नाहीत का? आरसेबाई पोट धरून हसल्या. त्यांचा देह चांगला भरगच्च होता आणि त्यांना तो ठाऊक होता. जिच्या पोटात एवढं बोलायचं साठलंय ती पोर बोलणार, असं त्यांनी तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

टाके सुकले आणि काम सुरू झालं. पा, पी, पू. नाक चिमटीत धरून पा, नाक सोडून पा. दोन्ही सारखे ऐकू आले की शाबास. आई घरी फुगे फुगवून घेत होती. शेजारणीने सांगितलं होतं म्हणे, फुग्यांनी बोलणं सुटतं. आरसेबाई म्हणाल्या, फुगे फुगवून फुगेच फुगतात, ते आणायचं बंद करा आणि आरसा घेऊन जा.

शब्द

पाटी. पूल. टोपी. कपाट. ससा.
चटई. घोडा. तारा. खिडकी. शाळा.

हे घरी न्यायचे शब्द. एकातही 'म' नाही, 'न' नाही, 'ण' नाही.

त्या दिवशी बाहेर बाकावर मावत नव्हती एवढी माणसं होती. आत कोणाचा तरी लहानगा रडून रडून लाल झाला होता. आणि पिपाणीची आई दारात थांबून विचारत होती, ताई, आरशात नेमकं काय बघायचं?

एरवी आरसेबाई हे अगदी घोटून सांगायच्या. बोलताना बघायचं. एका शब्दापुरतं बघायचं. मग आरसा बाजूला ठेवायचा आणि पोरीला खुशाल नाकाने श्वास घेऊ द्यायचा, श्वासाने वाफ येणारच, ती यायलाच हवी. हे सगळं रोज पाठ म्हटल्यासारखं म्हणणारी बाई त्या दिवशी रडक्या पोराला कडेवर घेऊन एवढंच म्हणाली, "आरशावर वाफ दिसली की चूक. बस."

आईने बरं म्हटलं. पिपाणी आईचं बोट धरून उभी होती. तिने आरसेबाईंकडे बघितलं आणि सावकाश मान हलवली, मोठी माणसं पैजेचा विडा उचलतात तशी.

वाक्य

पाऊस आला की खिडकीला टोपी घाल. ससा पुलावर बसला. कपाट उघड, कपाट लाव. तारा तुटला, तुटला तर तुटू दे, असं पिपाणी एकदा आपल्या मनाने म्हणाली आणि आरसा लख्ख राहिला, पुढच्या भेटीला लख्ख, त्याच्या पुढच्या भेटीला लख्ख, इतका की आरसेबाईंनी वाटीतला आरसा बदलला, तोही लख्ख, आणि आवाज असा गोल, भरीव, ओठांवरून सुटणारा, की बाहेरच्या बाकावरच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि विचारायच्या, ही तीच का हो?

तीच.

आरसेबाईंनी इतक्या पोरांना हातभार लावला होता, पण कुठेतरी थोडी हवा निसटायचीच. कोणाचा 'स' शिट्टी मारायचा, कोणाचा 'ग' घशातच बसायचा. हे असं बिनचूक पोर त्यांच्या हातून पहिल्यांदाच घडत होतं. सर्जन खाली येऊन ऐकून गेला. माझे टाके आणि तुमचा आरसा, असं म्हणून त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला. बाहेरगावचे चार मोठे डॉक्टर पाहणीला यायचे होते. त्यांच्यासमोर हिलाच उभी करू, म्हणाला. आरसेबाई त्या दिवशी घरी गेल्या त्या हवेत चालतच.

गप्पा

मुलगी गप्पा मारायला लागली की उपचार संपत आले असं धरतात. पण त्या दिवशी गप्पा मारायला आई एकटीच आत आली. पिपाणीला तिने बाकावर बसवलं होतं.

"ताई, तुम्ही हसाल," ती म्हणाली, "पण हा आरसा खराब झालाय का ते जरा बघा."

मग तिने सांगितलं ते असं. दुपारी पोर झोपली होती. सहज गंमत म्हणून हिने आरसा तिच्या नाकाखाली धरला. वाफ नाही. हिला वाटलं, काच कोमट झाली असेल. गार पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा धरला. वाफ नाही. स्वतःच्या नाकाखाली धरला तर लगेच धुरकटला. पुन्हा पोरीच्या. काही नाही. ओठ गच्च मिटलेले. हात भरून येईपर्यंत हिने आरसा धरून ठेवला आणि आरशात नुसता पोरीचा ओठ दिसत राहिला, त्यावरची रेघ दिसत राहिली. मग धीर सुटला आणि तिने पोरीला गदागदा हलवलं. पोरीने डोळे उघडले, जणू नुसते मिटून पडली होती, आणि म्हणाली, "आई, बघ. स्वच्छ आहे."

आरसेबाईंनी विचारलं, आणखी काही?

आणखी म्हणजे, उचलली तर हलकी लागते. काट्यावर तेवढीच भरते, हातात मात्र हलकी. आणि छातीशी फ्रॉकची बटणं लागत नाहीत. आजूबाजूचे म्हणतात पोर भरली. "पण ताई, भरलेली पोर जड लागते ना?"

पुन्हा गप्पा

ह्याच गप्पा आरसेबाईंनी नंतर स्वतःशी मारल्या, तेव्हा त्या वेगळ्या झाल्या. त्यांत आई थकलेली होती, झोपमोड झालेली होती, आरसा तिरका धरलेला होता. त्यांत ऑपरेशननंतर कधी कधी नाकामागे सूज राहते आणि पोर तोंडाने श्वास घेतं, हे पुस्तकातलं वाक्य होतं. ओठ गच्च मिटलेले होते हे त्या गप्पांत कोणी म्हणालंच नाही.

तरी त्यांनी पिपाणीला वर पाठवलं. सर्जनने नाकातून बारीक दुर्बीण आत घातली. ह्या वेळी मोठी माणसंसुद्धा खुर्चीचे हात आवळतात, पिपाणीच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. वाट मोकळी होती. सूज नाही, अडथळा नाही. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायच्या चिमट्यावरचे आकडेही एकदम झकास. सर्जन म्हणाला, चांगल्या पोरात खोड काढू नका, पाहुणे तोंडावर आलेत.

आरसेबाईंना तेच ऐकायचं होतं. त्यांनी ते घडी घालून ठेवल्यासारखं मनात ठेवलं आणि खोलीचं दार लावून पिपाणीला समोर बसवलं.

आरसा

बोलताना: स्वच्छ.
गप्प बसलेली असताना: स्वच्छ.
दुसरा आरसा: स्वच्छ.
कापसाचा धागा नाकपुडीशी: स्थिर.
आरसेबाईंचा स्वतःचा श्वास: आरसा पांढरा.

मग त्यांनी एक खेळ काढला. लहान पोरांना 'नाही' म्हणायला फार आवडतं, म्हणून हा खेळ नेहमीचा. तू हत्ती आहेस का? नाही. तू बादली आहेस का? नाही.

तू हत्ती आहेस का?

"हत्ती तर केवढा असतो," पिपाणी म्हणाली.

तू बादली आहेस का?

"बादली तिथे आहे."

आरसेबाईंनी पेला पुढे केला. ह्यात काय आहे? पिपाणीने पेल्यात वाकून बघितलं. "पिता येते ते."

तुझं नाव काय? "बाईला ठाऊक आहे." आणखी काही खेळायचं की कंटाळा आला? "राहू दे." आरसेबाईंनी तिच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. नाक दगडासारखं गार होतं. हे कोणाचं?

"हिचे."

"ही कोण गं?"

पिपाणीने टेबलावरच्या आरशाकडे बोट केलं. "आरशातली."

कित्येक दिवसांत ह्या पोरीच्या तोंडून आरसेबाईंनी एकही 'म' ऐकला नव्हता, एकही 'न' ऐकला नव्हता, एकही 'ण' ऐकला नव्हता. ती ते चुकत नव्हती. चुकली असती तर त्यांच्या कानाने तेव्हाच धरलं असतं. ती ते टाळत होती, वाटेतलं डबकं टाळावं तसं, इतक्या सफाईने की चाल तुटत नव्हती. सात वर्षांच्या पोरीने 'मी' सोडलं होतं, 'नको' सोडलं होतं, 'पाणी' सोडलं होतं. स्वतःचं नाव सोडलं होतं. नाकातून जाणारं जे जे होतं त्याच्यावर तिने दार लावून घेतलं होतं आणि मग श्वासाचीही पाळी आली होती.

"श्वास कसा घेतेस तू?" त्यांनी विचारलं.

पिपाणी गोड हसली. "घेते. देत... " आणि तिथे तिला शब्द सापडेना, म्हणून तिने नुसता तळहात आडवा करून हलवला. घेते. देत नाही.

नळी

त्यांच्याकडे एक रबरी नळी होती. तिचं एक टोक पोराच्या नाकपुडीशी, दुसरं बाईंच्या कानाशी. बोलताना हवा निसटली की कानात फुस्स होतं. जे आरशाला दिसत नाही ते नळीला ऐकू येतं. आरसेबाईंनी डाव्या कानाला नळी लावली.

आधी काहीच नाही. बंद कपाटाला कान लावावा तसं. मग त्या शांततेला खोली असल्याचं जाणवलं. आत कोणीतरी होतं. एक नाही, पुष्कळ. खेळ सुरू होण्याआधी काळोखात बसलेली माणसं जशी खोकला दाबून धरतात, तसं काहीतरी, दाटीवाटीने, दम धरून.

"आत काय आहे गं?"

"सगळे आहेत," पिपाणी म्हणाली. "ओळीत उभे आहेत. बाई, एकही सुटला..." पुन्हा तोच आडवा तळहात.

आरसेबाईंनी नळी काढली आणि धुवायला घेतली. धुवून झाली तरी धूत राहिल्या. काय करायचं ते त्यांना कळलं होतं. ही पोर बोलताना जे दार लावते तेच दार तिने कायमचं लावलंय, ते उघडायचं. पण उघडलं की ते पुन्हा हवं तेव्हा लागेल ह्याची खात्री कोण देणार? गोल, भरीव, ओठांवरून सुटणारा तो आवाज गेला तर गेला. पाहुणे चार दिवसांवर आले होते. आणि पोर तर बोलतेय, खातेय, शाळेत जातेय. वाफ तेवढी नाही. चार दिवसांनी बघू, असं त्या स्वतःला म्हणाल्या. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?

पुढे कधीही ह्या वाक्यापाशी आल्या की त्यांना बसून घ्यावं लागायचं.

शब्द

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी खोली आवरत असताना पिपाणीची आई आली. पोर तिच्या एका हातावर होती, वाळलेला टॉवेल घेऊन यावं तशी. फ्रॉकला पुढून सगळीकडे पिना लावलेल्या. छाती घागरीसारखी, हात काड्या. चेहरा शांत.

"ताई, ही सकाळी मला म्हणाली," आई बोलली. खाली बसली, पोरीला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सोडली तर वर जाईल अशी. "म्हणाली, आई, जागा भरली."

मग तिने आरसेबाईंकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता, तेच अवघड होतं. ती म्हणाली, मला हिचं बोलणं आता कळत नाही. सगळ्या जगाला कळतं. मला नाही कळत. आधी काय ती नाकात गुणगुणायची, भांडायची, नको नको म्हणून पाय आपटायची, मला पदोपदी कळायचं. आता घरात फार छान बोलणारं कोणीतरी राहतं.

आरसेबाईंनी दार लावलं आणि त्यांच्या त्या एवढ्याशा खुर्चीवर पिपाणीसमोर बसल्या.

अक्षर

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तुला अर्धंच सांगितलं होतं."

पिपाणी ऐकत होती.

"वाफ दिसली की चूक," ती म्हणाली.

"बोलताना. फक्त बोलताना, बाळा. एका शब्दापुरतं. एरवी ती यायलाच हवी."

पिपाणीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं. खूप वेळ रांगेत उभं राहिल्यावर कोणी येऊन सांगावं की ही रांग तुमची नव्हेच, तसा तो चेहरा झाला. ती रडली असती, पण रडायला नाक लागतं. तिने आईच्या हातांकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, वाटीतल्या आरशांकडे बघितलं. ते सगळे स्वच्छ होते.

"सोडू?"

"सोड."

"कुठे?" आणि मग फार काळजीने, "आई भिजेल."

आरसेबाईंनी नळी उचलली. एक टोक पोरीच्या नाकपुडीशी धरलं, दुसरं स्वतःच्या डाव्या कानात नीट बसवलं. पोरीची दुसरी नाकपुडी अंगठ्याने बंद केली. आई काहीतरी म्हणायला गेली, मग तिने पोरीच्या पोटावरचे हात आणखी घट्ट केले.

"इकडे सोड. माझ्याकडे."

"सगळा?"

"सगळा."

पिपाणी थांबली. ती हुशार पोर होती, सगळा हिशेब तिला कळत होता. "बोलता येते ते जाईल," ती म्हणाली.

आरसेबाईंच्या डोळ्यांसमोरून ते चार डॉक्टर गेले, सर्जनची टेबलावर ठेका धरणारी बोटं गेली, आणि 'तारा तुटला, तुटला तर तुटू दे' म्हणणारा तो आवाज गेला. तो जाताना त्यांनी त्याला शेवटचं ऐकून घेतलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आपण परत शिकू."

श्वास

आधी गारवा आला, मग ऊब, मग ओल. मग ते सुटले.

सगळ्यात आधी आजचा सुटला, मग कालचा, मग परवाचा, एकेक धक्का देत बाहेर, आणि प्रत्येकाच्या पोटात जे म्हणायचं राहिलं होतं ते होतं, मला नको, मला पाणी, मी नाही येणार, माझी आहे ती, आई मला भीती, मान दुखते, नको ना, नको ना, नको, सगळं नाकातून, सगळं त्या जुन्या आवाजात, जो आईशिवाय कोणालाच कळायचा नाही आणि आता आरसेबाईंना अक्षर न् अक्षर कळत होता, कानात नाही तर कानाच्या आत कुठेतरी, जिथे हात पोचत नाही तिथे, आणि खोलीतली थंडी वाढत गेली, खिडकीची काच पांढरी झाली, कपाटाची काच पांढरी झाली, वाटीतल्या आरशांवर पाण्याच्या आतून वाफ धरली, आई डोळे मिटून पोरीला धरून होती आणि तिच्या हातांखाली पोर हळूहळू जड होत होती, पिना एकेक सैल पडत होत्या, आणि तरी ते येतच होते, शाळेतले, झोपेतले, ऑपरेशनच्या दिवसाचे, त्याच्याही मागचे, जे तिने साठवले नव्हते तेसुद्धा, दार उघडं दिसलं म्हणून निघालेले, आणि सगळ्यात शेवटी एक नुसता टाहो, शब्द नसलेला, ओठही नसलेला, जन्मल्या जन्मल्या तिनेच फोडलेला

आणि मग काही नाही.

मग, कोणतीही पोर घेते तसा, सर्दी झाल्यासारखा सुरसुरता, एक साधा श्वास आत. आणि बाहेर.

नळीतून पाण्याचे थेंब आरसेबाईंच्या खांद्यावर पडत होते. पिपाणी आईच्या मांडीत मागे रेलली, नाक पुसलं आणि भुणभुणत, सगळी हवा नाकातून घालवत, काहीतरी म्हणाली.

भाषांतर करायला कोणाची गरज नव्हती. तरी आईने केलं, हसत आणि रडत. "म्हणतेय, मला भूक लागली."

पाहुणे

दुसऱ्या दिवशी आरसेबाई लवकर आल्या. जिन्यापाशी त्यांच्या डाव्या कानात कोणीतरी अगदी जवळून म्हणालं, मी आज लाल बूट घातलेत. त्या वळल्या. जिना रिकामा होता. बऱ्याच वेळाने दारातून आई आणि पिपाणी आत आल्या, आणि पिपाणीने एक पाय पुढे करून नाकातून सांगितलं की मी आज लाल बूट घातलेत.

आरसेबाईंनी कानावर हात ठेवला. उजवा कान बंद केला तरी पोरीचं बोलणं आधी ऐकू येत होतं. डावा बंद केला तरीही. शब्द पोरीच्या ओठांवर यायच्या थोडे आधी त्यांच्यापाशी येत होते.

पाहुणे आले. सर्जनने दुभंगलेल्या टाळूविषयी, टाक्यांविषयी सुरेख सांगितलं. आरसेबाईंनी त्याला सकाळीच गाठून सगळं सांगायचा प्रयत्न केला होता. त्याने ऐकलं होतं ते एवढंच की ही बाई घाबरली आहे. त्याने वाटीतून आरसा घेतला, रुमालाने पुसला आणि पिपाणीच्या नाकाखाली धरला. म्हण बेटा, पाटी.

पिपाणी म्हणाली. पाटीत पाटीचं फारसं काही नव्हतं. आरसा कडेपासून कडेपर्यंत पांढरा झाला.

चारही डॉक्टर पुढे झुकले होते, ते तसेच राहिले. एकाने पेनचं टोपण उगाच लावलं आणि काढलं. आई भिंतीशी उभी होती आणि त्या पांढऱ्या आरशाकडे असं बघत होती जसं तान्ह्या बाळाकडे बघतात. सर्जनचे कान लाल झाले. त्याने आरसेबाईंकडे एक नजर टाकली, ती त्यांना पुष्कळ दिवस पुरणार होती. मग त्याने आरसा पुसला.

"पुन्हा," तो म्हणाला. "नीट. वाफ दिसता कामा नये."

पिपाणीने आरशाकडे बघितलं. तिचा श्वास आत गेला. गेला आणि बाहेर आला नाही. काच स्वच्छ होती. सर्जनचा चेहरा उजळू लागला.

डाव्या कानात, अगदी आतून, जिथे हात पोचत नाही तिथून, आरसेबाईंना ऐकू आलं: नको.

त्या खुर्चीवरून उठल्या. सर्जनच्या हातातून त्यांनी आरसा काढून घेतला आणि मुठीत धरला. कोणीतरी, अहो मॅडम, असं म्हणालं. पिपाणीचे ओठ अजून मिटलेलेच होते; तो 'नको' ओठांवर यायचा होता.